मेहुण्यानं आणून दिलेलं इंजिन

माझा स्वभाव संशयी आहे. पंपावर डिझेल भरताना मी मीटरवरची नजर हलवत नाही. डॉक्टरनं दिलेल्या गोळीचं नावही घरी येऊन पुन्हा वाचतो. त्यामुळे मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, माझ्या जुन्या पिकअपसाठी लातूरहून दुसरं इंजिन शोधून दिलं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तो रेणापूरचा. इंजिन बसवणारा मिस्त्रीही त्याच्याच ओळखीचा.

गाडी हदगावला आणली. पहिल्याच दिवशी सोयाबीन भरून नांदेडला निघालो, तर चढाला तिला ओढच नाही. पाय तळाला टेकवला तरी रडतखडत चढायची. घरी येऊन बायकोला म्हणालो, "तुझ्या भावानं मेलेलं इंजिन गळ्यात मारलं." याचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत रेणापूरला पाय ठेवणार नाही, असंही मी बोलून बसलो. तिथंच तिच्या भाचीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मी गेलो नाही तर तीही जाणार नाही, हे घरात न बोलताच ठरलं.

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. ऑइल बोटावर घेऊन बघ, धुराचा रंग बघ. इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून बघायला मी रेडिएटरमागचा विजेचा पंखासुद्धा काढला. नंबर जुळला, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईटच वाटलं. पंखा परत बसवला. त्याच आठवड्यात गाडी तापायलाही लागली. आता माझी खात्रीच पटली. गावातल्या दोन मिस्त्र्यांनी बॉनेट उघडून मान हलवली, तर ती बातमी मी घरी पेढे वाटावेत तशी सांगितली.

लग्नाला पंधरा दिवस राहिले, तेव्हा नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. बायकोला डॉक्टरकडं डोळे दाखवायचे होते म्हणून तीही सोबत होती. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही ॲक्सिलरेटरचं पायडल दाबा, मी इंजिनातल्या डिझेलपंपाचा लिव्हर बघतो."

मी दाबलं. "आधाच येऊन राहिला," तो म्हणाला. मला पटेना. बघायला मी खाली उतरलो.

"भाऊ, तुम्ही उतरले तर पाय बी उतरला की. एकानं दाबायचं, एकानं बघायचं. कुणावर तरी भरवसा ठेवा जरा."

शेवटी बायको चप्पल काढून सीटवर बसली. तिनं दाबलं. लिव्हर खरंच अर्ध्यात थांबला. तरी मी दारातून डोकावून तिचा पाय बघून आलो. तळाला टेकलेला होता. पायडलपासून पंपापर्यंतची केबल जुन्याच इंजिनाच्या मापाची ठेवली होती, ती नव्याचा लिव्हर पुरा ओढत नव्हती. चूक मेहुण्याच्या मिस्त्रीची निघाली म्हणून मला जरा बरं वाटलं.

तापण्याचं कारण शोधायला त्यानं इंजिन चालू ठेवलं. पंखा सुरू झाल्यावर जाळीपुढं वर्तमानपत्राचा कागद धरला. तो आत ओढला जायला हवा होता, तर फडफडत बाहेर आला. "पंखा उलटा फिरून राहिला. ह्या दोन वायरी कुणी उलट्या जोडल्या?"

"मीच," मी म्हणालो. बायकोकडं बघायची हिंमत झाली नाही.

परतताना वाटेतला चढ गाडी आरामात चढली. तापमानाचा काटा मधून हलला नाही. मला लाज वाटत होती. अर्धापूरला चहाला थांबलो तेव्हा मी फोन काढला. म्हटलं, "तुझ्या भावाला सांगतो, इंजिन एक नंबर हाय. आन लग्नाला चार दिवस आधीच येतो म्हणून."

तिनं फोनवर हात ठेवला. "त्याला आता नवीन काय सांगता? तो दर आठवड्याला इचारायचा. मी पहिल्या दिवसापासून गाडी लई चांगली चालून राहिली म्हणूनच सांगत आले. तुम्ही येत न्हाई ते कामामुळं, हे बी सांगितलंय."

मी फोन परत खिशात ठेवला. त्या दिवसापासून मला एक वेगळीच शंका छळते. माझ्याबद्दल ही माहेरी आणखी काय काय चांगलं सांगत आली असेल, आणि त्यातलं खरं किती.