वसंतबाब आणि शिगम्यातल्या शिव्या

गोव्यातल्या आमच्या पार्सेत शिव्या मागायला आलेला माणूस मी एकच पाहिला. वसंतबाब. खांद्याला टेपरेकॉर्डर, आणि ओटीवर टेकता टेकता पहिला प्रश्न: शिगम्यात तुम्ही पलीकडच्या वाड्याला काय काय म्हणता?

शिगम्यात आमचे दोन वाडे ढोल थांबवून एकमेकांचं कूळ उद्धरत. राग धरायचा नाही, गुलालाबरोबर धुऊन टाकायचा. पण तेव्हा कोकणी की मराठी, हा राजभाषेचा वाद पेटलेला, भिंतीभिंतीवर घाण लिहिलेली. कोणता शब्द थट्टेचा आणि कोणता दगड उचलायला लावणारा, हे वसंतबाब शोधत. "शिवी तोंडात नसता बाय, कानात आसता," म्हणायचे. ज्याला लागते त्यालाच विचारायचं, आणि मग दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना बजावायचं, की सभेत हे शब्द नकोत, असा त्यांचा बेत.

मी विशीतली, अतिशहाणी. हा माझ्यासाठीच फेऱ्या मारतो, असं धरून दर खेपेला अबोलीचा वळेसर माळायची. त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे असे ते शिव्यांपुरतं.

एक शब्द बाबांनी आवाज उतरवून सांगितला. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, बाबा खाणीवर ट्रक चालवत. नदीपलीकडून आलेल्यांना म्हणायचा तो शब्द. शिगम्यात शेजारी हसत म्हणत, बाबाही हसत. "पण येरवी कोण म्हणालो, तर मी ह्या गावात रवाचंय नाय," बाबा म्हणाले.

महिन्याभरात वसंतबाबांच्या बाजूची, कोकणीवाल्यांची जीप आली. आमच्या दारासमोर थांबून कर्ण्यावर तोच शब्द, पुन्हा पुन्हा. शिगमो अजून लांब होता.

बाबा मला घेऊन म्हापशाला वसंतबाबांकडे गेले. मी तेव्हाही वळेसर माळला होता, बघा अक्कल.

"हा शब्द वापरू नका, इतकंच मी सांगितलं," वसंतबाब म्हणाले.

"कोणाक सांगितलास?"

"आमच्या लोकांना."

दुसऱ्या बाजूकडे ते गेलेच नव्हते. नको म्हणून सांगता सांगता आमच्यावरचा शब्द त्यांनी आपल्याच लोकांच्या हाती दिला होता. शिगम्याआधी आम्ही डिचोलीला बिऱ्हाड हलवलं.

वसंतबाब गेल्या वर्षी वारले. चांगलं बोलणारा माणूस होता, म्हणून तर फसलो.

आता माझी लेक भाषेचा अभ्यास करते. फोनवरची गरळ यंत्राला ओळखता यावी म्हणून तिला आमच्याकडचे शब्द हवेत. मी म्हटलं, "हे कोणाकोणाच्या हाती जाणार?"

"विचारून सांगते, आई."

पोरगी खरं बोलली, ठाऊक असल्याचा आव आणला नाही. शिगम्यातल्या झाडून सगळ्या शिव्या दिल्या तिला, ती कानापर्यंत लाल झाली. तो एक शब्द मात्र अजून माझ्याकडेच आहे.