कॅसेटची दुसरी बाजू

तिचं गाणं आम्हाला पहिल्यापासून आवडत होतं, असं आता आमच्या दांडी गावात कोणीही सांगेल. खोटं आहे. मी तिथे होतो. मांडवात मशीन माझं, भोंगा माझा, माईक माझा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एका नवरदेवाच्या मामाने तर तिच्या तोंडावर विचारलं होतं, "ही गाते हाय का हिला उचकी लागली हाय?"

ती आमची धवलारीण. लग्नातली गाणी म्हणजे धवले, आणि ते गाऊन लग्न पुढे नेणारी बाई ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारणीवाचून आमच्याकडे हळदीला हात लागत नाही. पण बाकीच्या धवलारणी एका चालीत ओळीमागून ओळ ओवतात, तशी ही ओवत नव्हती. ही मधूनच कुठूनतरी सुरू करायची. एखादा शब्द धरला की तो तोंडात फिरवत बसायची, त्याचे तुकडे करायची, मग शब्द टाकून नुसता श्वास ओढायची. भोंग्यातून ते वाळूवरून होडी ओढल्यासारखं ऐकू यायचं. कधी इंजिनासारखं टुकटुक करायची. आणि कधी गप्पच बसायची, इतका वेळ की सगळा मांडव माझ्याकडे बघायचा.

"अरे, मशीन बंद पडली तुझी!"

"मशीन चालू हाय. ती गप हाय," मी म्हणायचो.

हळूहळू अर्ध्या गावाने तिला बोलावणं सोडलं. शिरगावाकडून सरळ गाणारी धवलारीण आणायला लागले. पण काही वेडे मात्र तिच्या मागेच लागले. तारापूरच्या कॉलनीतला एक साहेब होता, लांबच्या मुलखाचा, मराठी धड बोलता येत नव्हतं. तो स्कूटर घेऊन कोणाच्याही लग्नाला यायचा आणि माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसायचा. पालघरचा एक मास्तर यायचा. मुंबईहून कोणी दाढीवाले यायचे. ना आमंत्रण, ना ओळख. डोळे मिटून बसायचे. गाव त्यांना हसायचं आणि त्यांच्यापायी तिला आणखी हसायचं. मी शाळेत तिसरीच्या पुढे गेलो नाही, गाण्यातलं मला कळतं असं मी म्हणणार नाही. पण ती गात असली की माझी विडी हातातल्या हातात विझायची, एवढं खरं.

मी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हापासून माझी एक पद्धत होती. हळदीपासून पुढचं सगळं भरायचं, एक कॅसेट लग्नघरी द्यायची, एक माझ्याकडे ठेवायची. तिने मांडव सोडून कधी गायलं नाही. दाढीवाल्यांनी किती विनवण्या केल्या, मुंबईला चला, खोलीत बसून गा, आम्ही नीट भरून घेतो. ती म्हणायची, "कोणाचं लगीन हाय तिथं?" झालं, संपलं. म्हणून तिचं जे काही उरलं ते लग्नातलंच. त्यात पोरांचं रडणं आहे, ताटांचा आवाज आहे, कोणीतरी मीठ मागतंय ते आहे.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. हळदीच्या दिवशी धवलारीण घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते. देवांना बोलवून झालं की आजा, पणजा, बुडालेले, तापाने गेलेले, एकेकाचं नाव घेऊन या म्हणते. तुमच्या पोराचं लगीन हाय, मांडवात या, हळद बघा. आणि लग्न उरकलं की त्यांना परत पोचवते. बोलावणं भोंग्यावर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. पोचवणं मात्र मांडवाच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, माणसांकडे पाठ करून, जेमतेम ओठ हलवून. त्या वेळी माईक बंद ठेवायचा. ते जिवंत माणसांसाठी नसतं. मी धंदा सुरू केल्यापासून पोचवणं कधी भोंग्यावर जाऊ दिलं नाही, कॅसेटवरही घेतलं नाही. दाढीवाले मागे लागले तेव्हा वायरच उपटून खिशात घातली होती.

तिच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात तीच गायली. तिचा नवरा दुसऱ्यांच्या होडीवर राबलेला माणूस, मुलगी रांगत होती तेव्हा वादळात गेला तो आलाच नाही. त्याला तिने त्या दिवशी बोलावलं. सरळ नाही बोलावलं. त्याचं नाव घेतलं, तोडलं, अर्धंच ठेवलं, श्वास ओढत राहिली, मग पुन्हा अर्धं. मांडवात त्या दिवशी कोणी हसलं नाही. कॉलनीतला साहेब उठून बाहेर गेला. आणि लग्न उरकल्यावर तिने त्याला पोचवलं, वाळूत बसून. मी लांब उभा होतो, वायर हातात.

मग वर्षं गेली. तिचा आवाज बसला, धवले सुटले, सुकी मासळी घेऊन ती बाजारात बसायला लागली. माझ्याही भोंग्याला कोणी विचारेना. मोठमोठे बॉक्स आले, दिवे आले. आम्ही दोघंही तसे संपल्यातच जमा होतो.

तेव्हा एक दिवस तिचा जावई पेढे घेऊन आला. बोईसरच्या कारखान्यात होता, चांगला मुलगा, सासूचा मोठा अभिमान. मी तिच्या ओट्यावर बोंबील विकत घेत होतो.

"आई, डोळे मिटा. हात पुढं करा," म्हणाला आणि तिच्या हातात नवीकोरी कॅसेट ठेवली. वर नऊवारीतल्या कुठल्यातरी गोऱ्या बाईचा फोटो.

"ही कोण भवानी?"

"ही तुमी! म्हणजे फोटो दुसरीचा हाय, आवाज तुमचा. आमच्या लग्नाची कॅसेट मी बोईसरच्या दुकानदाराला दिली होती. तो स्वतः कॅसेटी काढतो. नाक्यावर धडाधड खपते हाय, आई! रिक्षावाले लावतात, बारशाला लावतात."

त्याने बरोबर आणलेला टेप लावला. खाली ढाकचिक ढाकचिक ठेका घातलेला, वर पेटीसारखं काहीतरी. तिच्या गप्प बसण्याच्या जागा कापून टाकलेल्या. पण बोलावणं तेच. नवऱ्याचं अर्धं नाव, पुन्हा पुन्हा. ते दुकानदाराला इतकं आवडलेलं की त्याने ते चार वेळा जोडलं होतं. दुसऱ्या बाजूला नुसता ठेका आणि बासरी.

ती पेढा न खाता ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "आणि पोचवणं?"

"ते कुठं होतं कॅसेटीत?" जावई म्हणाला.

"म्हणजे हे लावतात, त्याला बोलावतात, आणि मग?"

"मग काय आई, बंद करतात."

ती माझ्याकडे वळली. "दादा, हा माणूस जन्मभर लोकांच्या जाळ्यांना हात लावून दमला. त्याला आता रिक्षात बोलावतात. बारशाला बोलावतात. दिवसातून किती वेळा येत असल तो? आणि येऊन बघतो तर मांडव नाय, पोर नाय, मी नाय. कोणी जा पण म्हणत नाय."

जावयाचं तोंड उतरलं. त्याने चांगल्या मनानेच केलं होतं, म्हणून त्याला कोणी काही बोललं नाही. ते जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी मी आणि ती बोईसरला गेलो. दुकानदार माणूस वाईट नव्हता. तिला स्टूल दिलं, चहा मागवला, गिऱ्हाइकांना सांगितलं, "यही है वो, असली वाली!" मी म्हणालो, पुढच्या कॅसेटी काढशील त्यात दुसऱ्या बाजूला पोचवणं घाल. त्याने विचारलं ते कसं असतं. तिने तिथेच, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून दोन ओळी म्हटल्या. शेजारच्या पंख्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

"माताजी, बुरा मत मानना," तो म्हणाला, "इसमें तो कुछ है ही नहीं. और माल तो छप गया, सब बाहर चला गया."

आम्ही परतीची एसटी पकडली. दांडीला उतरल्यावर ती म्हणाली, "तुझा टेप चालतो काय अजून?"

"चालतो. पण बाय, पोचवणं टेपवर घ्यायचं नसतं. तूच सांगितलेलं. मी एवढी वर्षं पाळलं."

"पाळलंस, मला काय तुला शाबासकी द्यायची हाय? बोलावणं मशीनमधून जाते हाय ना, मग पोचवणं पण मशीनमधूनच जायला पायजे. भोंगा जोडू नको. नुसती कॅसेट लाव."

मी नाही म्हणालो. जे एवढी वर्षं कोणासाठी मोडलं नाही ते आता का मोडायचं, हा माझा हट्ट. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग ती दुपारी माझ्या शेडमध्ये आली, मशीनवरचं फडकं स्वतः काढलं आणि म्हणाली, "तुझी रीत तुझ्यापाशी. नवरा माझा हाय." मी वायर जोडली.

तिने समुद्राकडे तोंड केलं. माईक मी तिच्या पाठीमागे ठेवला, समोर ठेवायला हात धजावला नाही. आवाज तिचा उरलाच नव्हता, घोगरा वारा नुसता. मध्ये खोकली, ते तसंच राहू दिलं. ज्याला बोलावलं त्याला होडीपर्यंत नेलं, बसवलं, दोरी सोडली, मागे बघू नको म्हणाली. मग गप्प. किती वेळ गप्प. मी टेप बंद केला नाही. मला माहीत होतं ती गप्पच गात आहे.

त्यानंतर माझं एकच काम. बोईसरच्या बाजारातून, पालघरच्या स्टेशनबाहेरून ती गोऱ्या बाईची कॅसेट मिळेल तिथून आणायची. अशा कॅसेटीवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीची दोन भोकं मोकळी ठेवतात. दुसऱ्या बाजूच्या भोकावर चिकटपट्टी लावायची, बासरीवर पोचवणं भरायचं. मग ज्यांच्याकडे जुनी असेल त्यांना ही द्यायची, त्यांची आपण घ्यायची, भरून पुढच्याला द्यायची. पहिल्या बाजूचा ठेका पुसता येत नव्हता. त्याचं दुःख मी सोडून दिलं.

लोकांना वाटायचं म्हातारा फिरला. बारशाच्या घरी जाऊन मी कॅसेट मागायचो. एक बाई म्हणाली, "काका, बासरी छान होती हो. आता दुसऱ्या बाजूला काय ऐकूच येत नाय."

"ते तुझ्यासाठी नाय, बाय. तू फक्त कॅसेट उलटून लावत जा."

कॉलनीतला साहेब तोवर निवृत्तीला आला होता. त्याला कुठून कळलं कोण जाणे, स्कूटरवर आला. म्हणाला, ते पोचवणं तेवढं वेगळं भरून द्या, मी जपून ठेवीन, ही फार मोठी गोष्ट आहे. मी म्हणालो, वेगळं नाही मिळणार. घ्यायची तर पूर्ण घ्या, ठेक्यासकट. त्याला ठेका अजिबात सोसत नव्हता. पण घेतली, आणि पुढच्या रविवारी येऊन सांगून गेला, "उलट के पूरा सुना." तिला ते सांगितलं तर म्हणाली, "साहेब बरा माणूस हाय. पण दादा, आता पुरे कर. तू पण दमलास."

दमलो होतोच. कंबर राहिली नव्हती, एसटीत उभं राहवत नव्हतं. आणि नाक्यावर रोज नवी रिक्षा दिसायची आणि तीतून तेच अर्धं नाव यायचं. किती कॅसेटी सुटल्या हे दुकानदारालाही माहीत नव्हतं.

एकदा तारापूरहून बोईसरला रिक्षात बसलो तर तीच लागलेली. मी रिक्षावाल्या पोराला म्हणालो, ही मला दे, तुला भरलेली देतो. पिशवीतून काढून दाखवली. तो म्हणाला, "चिकटपट्टीवाली नको काका, मशीनमध्ये अडकते. मालक ओरडतो." पुष्कळ सांगितलं, ऐकेना. पहिली बाजू संपली. त्याने ती उलटली नाही, काढली आणि सिनेमाची लावली.

मग मीच सुरू केलं. पुरुषाने धवला म्हणायचा नसतो, आमच्याकडे कोणी म्हटलेला मी ऐकला नाही. पण इतक्या कॅसेटी भरताना ते माझ्या तोंडात बसलं होतं. रिक्षाच्या बाहेर तोंड केलं, ओठ जेमतेम हलवले, तिच्या नवऱ्याला होडीपर्यंत न्यायला लागलो. ती जिथे गप्प बसायची तिथे मीही गप्प बसलो.

"काय पुटपुटता, काका?"

"काय नाय. चालव तू."

बाजार आला, त्याने रिक्षा थांबवली. माझं उतरायचं ठिकाण तेच होतं. पण दोरी अजून सोडायची होती.

"पुढे घे," मी म्हणालो. तो पुढे निघाला.