हमीदचाचांचे पन्नास मीटर

होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला कालवं चिकटतात. कोणी लावत नाही, कोणी मागत नाही, तरी चिकटतात. आमच्या आगरदांड्याच्या ऑफिसात किस्सेही असेच जमतात. वर्षातून एकदा होडी ओढून बूड खरवडावं लागतं. त्यातलेच हे काही, एकाच मोसमातले. सगळ्यांत एक माणूस सारखा येतो, आणि त्या माणसाचा मला किती हेवा वाटत होता ते लपवण्यात काही अर्थ नाही.

ऑफिस म्हणजे जेट्टीजवळची एक खोली, एक पंखा आणि किनाऱ्याच्या जिवांसाठी काम करणारी आम्ही तीन माणसं. नंदाताई, निवृत्त शिक्षिका, ऑफिस चालवतात. हमीदचाचा, चाळीस वर्षं दर्यात गेलेले तांडेल, आमची होडी चालवतात. आणि मी मैथिली, चौलची. ऑस्ट्रेलियात समुद्रशास्त्र शिकले आणि तिथली नोकरी सोडून परत आले, कारण आपला किनारा आपण वाचवायचा! हे वाक्य मी पहिल्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं, की नंदाताई शेवटी म्हणाल्या, "मॅडम, वाचवा. पण आधी पंख्याचं बटण दुरुस्त करा."

* * *

एका जहाज कंपनीचं पत्र आलं. हिंदी महासागरातल्या दूरच्या बेटांभोवती तीन आठवड्यांची सफर. पाहुण्यांना पक्षी, कासवं, मासे दाखवायला किनाऱ्यावरचा एक जाणकार हवा. जागा एकच. ज्यांना यायचंय त्यांनी व्हिडिओ पाठवा.

त्या बेटांचा नकाशा कॉलेजात माझ्या खोलीच्या भिंतीवर होता. मी अठरा मिनिटांचा व्हिडिओ केला. आलेख, नकाशे, पाण्याखालचे आवाज टिपणारा माझा महागडा मायक्रोफोन, सगळं त्यात होतं.

एका संस्थेकडून दोन नावं चालतील असं लिहिलं होतं. म्हणून केवळ रकाना रिकामा दिसू नये यासाठी मी हमीदचाचांचाही व्हिडिओ काढला. चाचांनी वल्हं पाण्यात उभं सोडलं, मुठीला कान लावला, डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "घोळ मासळी हाय. खाली गुरगुरतेय. पाच-सहा असतील." बस्स. चाळीस सेकंद.

कंपनीचं उत्तर आलं. निवड : हमीदचाचा. राखीव उमेदवार : मी.

खाली एक ओळ होती. मैथिली यांनी निवडलेल्या उमेदवाराची तयारी करून घ्यावी, ही विनंती!

* * *

फॉर्म भरायला बसलो. मी प्रश्न वाचायचे, चाचांनी उत्तर द्यायचं, मी इंग्रजीत लिहायचं.

"शिक्षण?"

"चौथी. पाचवीत मास्तर आजारी पडले."

"परदेशात राहिलात का?"

"कुवेत. अकरा वर्षं, तिथल्या होड्यांवर. पासपोर्ट तुझ्यापेक्षा जाड हाय."

"कधी वाट चुकला आहात का?"

"एकदा. नवी मुंबईच्या मॉलमदी. दोन तास."

मग पुढचा प्रश्न. "पोहता येतं का?"

चाचा खिडकीबाहेर बघायला लागले.

"चाचा, पोहता येतं ना?"

"न्हाय."

"चाळीस वर्षं समुद्रात आणि पोहता येत नाही?"

"ज्याला पोहता येतं तो बुडायची तयारी ठेवून होडीत बसतो, पोरी. मी होडी बुडूच देत न्हाय."

फॉर्ममध्ये खाली लिहिलं होतं : पन्नास मीटर पोहता येणं बंधनकारक. निघण्याआधी चाचणी. नापास झाल्यास जागा राखीव उमेदवाराला.

मी चेहरा गंभीर ठेवला. पण नंदाताई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, पाय थांबवा. टेबल हलतंय."

* * *

शिकवायचं कोणी? अर्थात मीच.

पक्ष्यांपासून सुरुवात केली. साठ कार्डं बनवली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाव, खाद्य, घरटं. मला स्वतःला ती पाठ व्हायला एक सत्र लागलं होतं. मनात म्हटलं, लागू देत यांनाही.

चाचांनी कार्डं घरी नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली.

"हा?" मी फ्रिगेट पक्ष्याचं कार्ड दाखवलं.

"हा वरच्या आळीतला माझा साडू. स्वतः मासे मारत न्हाय. दुसऱ्यानं मारला की त्याच्या मागं लागून तोंडातला काढून घेतो."

अगदी बरोबर! पुस्तकात पाऊण पान लिहिलंय तेच.

"आणि ही?"

"ही माझी आत्या. घरटं म्हणून काय न्हाय, उघड्या फांदीवर अंडं घालून मोकळी. आत्याचंही चूल-बिऱ्हाड कधी एका जागी टिकलं न्हाय."

पांढरी सुरय. तेही बरोबर. साठपैकी साठ. चाचा अख्खी आळीच पक्षी करून जहाजावर चढवून बसले होते. मी घरी येऊन आईला म्हटलं, "इतकं शिकून काय उपयोग?" आई म्हणाली, "तू कधी आळीत हिंडलीस?"

* * *

मग बॅग. नियम कडक होते. बेटांवर बाहेरची माती, बी, किडा काही जाता कामा नये. बुटांचे तळ ब्रशनं घासायचे, खिसे उलटे करून झटकायचे, घरचं खाणं न्यायचं नाही. यावर मी पाऊण तास तळमळीनं बोलले. एक उंदीर बेटावर उतरला तर पक्ष्यांची अख्खी वसाहत कशी संपते, हे सांगताना माझा आवाज भरून आला होता.

चाचांच्या बायकोनं, झुबेदाखालांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोळेसुद्धा पुसले. दुसऱ्या दिवशी बॅग तपासली तर कपड्यांच्या खाली सोडे! चार किलो, तीन पिशव्यांत, वर लुंगी गुंडाळलेली.

"खाला! काल काय सांगितलं मी?"

"उंदीर नेऊ नका म्हणालीस. कुठं हाय उंदीर?"

"बाहेरचा कुठलाच जीव न्यायचा नाही!"

"अगं, सुकवलेली कोळंबी ती. ती आता कुठं जाऊन संसार मांडणार?"

सोडे मी काढून घेतले. ते आम्ही ऑफिसात वांग्यात घालून खाल्ले.

* * *

याच आठवड्यात नंदाताई जुनी फाइल शोधायला कपाटामागे वाकल्या आणि त्यांना तिथे एक दुसरी बॅग सापडली. टोपी, दुर्बीण, घासून चकचकीत केलेले बूट, समुद्र लागू नये म्हणून गोळ्या. सगळं माझं.

"राखीव उमेदवारानं बॅग भरून ठेवावी, असं पत्रात आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"तयारी असावी, एवढंच," मी म्हटलं.

"हो हो. शेजारी आजारी पडला की पांढरी साडी इस्त्री करून ठेवणारी एक बाई होती आमच्या श्रीवर्धनला. तिचीही तयारीच असायची."

बॅग त्यांनी परत होती तिथे ठेवली. वर धूळ बसू नये म्हणून एक वर्तमानपत्रही टाकलं.

* * *

भरती-ओहोटीचा किस्सा सांगायलाच हवा. माझ्या मोबाईलमध्ये त्यासाठी ॲप आहे. त्याच्या भरवशावर मी एकदा खाडीत कासवांची नोंद घ्यायला गेले आणि तीन तास चिखलात होडीसकट बसून राहिले. ॲप मुंबईच्या वेळा दाखवत होतं!

चाचा दुसरी होडी घेऊन आले. हसले नाहीत, हेच जास्त लागलं. जेट्टीवर आल्यावर म्हणाले, "मोबाईल खिशात ठेव. पायऱ्या बघ. पाणी पायरी चढतंय, भरती. पायरी उतरतंय, ओहोटी. भरतीत सुटी होडी आत खाडीत येते, ओहोटीत बाहेर दर्यात जाते. आमच्याकडं चार वर्षांच्या पोरालाही कळतं."

"मला सत्तावीस वर्षं लागली," मी म्हटलं.

"लागू दे. दर्या कुठं जातोय?"

* * *

पोहणं मी मनापासून शिकवलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंदाताईंचा अजून विश्वास बसत नाही. रोज सकाळी, छातीभर पाण्यात. चाचा दगडासारखे खाली जायचे, वर यायचे, पाणी थुंकून "या अल्ला" म्हणायचे, परत खाली. दहाव्या दिवशी तरंगले. विसाव्या दिवशी पंधरा हात मारले. पण एक अडचण होती. ते फक्त होडीच्या दिशेनं पोहायचे. नुसतं पुढे पोहा म्हटलं की थांबायचे.

"पुढं काय हाय?"

"काही नाही. नुसतं पाणी."

"मग कशाला जायचं?"

होडी समोर ठेवली की मात्र जायचे. नजर होडीवरून हलायची नाही. मी होडी रोज थोडी लांब न्यायचे. तीस मीटर झाले. पस्तीस झाले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रोज घरी जाताना मी कपाटामागे हात घालून बॅग आहे ना, ते बघायचे.

* * *

चाचणीला कंपनीचे साहेब आले. कडक इस्त्री, चामड्याचे बूट, हातात पॅड. आधी एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. चाचांनी पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं, मान हलवली. "ह्या पाण्यात कोणच राहत न्हाय. मी पण न्हाय उतरणार."

मग जेट्टीवर आलो. आडोशाची बाजू, पाणी संथ. साहेब खालून दुसऱ्या पायरीवर उभे राहिले. पहिली पायरी पाण्याच्या जरा वर होती. ठरलं असं : होडी दर्याच्या बाजूला पन्नास मीटरवर ठेवायची, चाचांनी होडीला हात लावला की पास. होडीत मी, सोबत जीवरक्षक कडं.

"नांगर टाकायचा का?" साहेबांनी विचारलं.

"कशाला?" चाचा म्हणाले. "पोरगी वल्हं धरून हाय. तिचा भरोसा हाय मला."

चाचा उतरले. हात मारायला लागले. डोकं वर, नजर होडीवर. दहा मीटर. वीस. तीस. जहाज माझ्या डोळ्यांसमोर आलं. भिंतीवरचा नकाशा आला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. हातात वल्ही होती.

मी दोन हात मारले. बाहेरच्या बाजूला. मग आणखी चार.

चाचांनी एकदा मान वर केली. होडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून परत हात मारायला लागले. पन्नास झाले असतील. साठ. हात जड पडत होते, तोंडात पाणी जात होतं. मला वल्ही हलवता येईनात. मी कडं फेकायला उचललं, तर त्यांनी नकारार्थी बोट हलवलं. ते आले. होडीला हात लावला. मी त्यांना वर ओढलं. होडी जेट्टीकडे वळवली.

जेट्टीला लागलो तेव्हा साहेब पॅड घेऊन तयारच होते.

"पास! पण होडी इतकी लांब कशी गेली? ऐंशी मीटर तरी असेल. काय झालं, मॅडम?"

मी तोंड उघडलं.

"ओहोटी, साहेब," चाचा लुंगी पिळत म्हणाले. "लय जोराची हाय आज. पोरगी तरी काय करणार?"

साहेबांनी मान डोलावली, 'ओहोटी' असं पॅडवर लिहिलं आणि घाईनं एक पायरी वर चढले, कारण त्यांच्या बुटांत पाणी शिरायला लागलं होतं.