सुनेच्या नावावरचं दुखणं

आमच्या महाडात बाईने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची पायरी चढायला दोनच कारणं चालतात. एक, मूल होणार आहे. दुसरं, होत नाहीये. यापलीकडे बाईला शरीर असतं हे आमच्या गावाला मान्य नाही. पन्नाशीची बाई तिथून एकटी बाहेर पडताना दिसली, की समोरचा कापडवाला हातातली मीटरपट्टी तशीच धरून बघत राहतो. हे मी खात्रीने सांगते, कारण काही त्रास नसतानाही मी दर वर्षी तपासून घ्यायला जाते आणि बाहेर पडताना मुद्दाम त्याला हात करते. बिचाऱ्याचं कापड वाकडं फाटतं.

महिला दिनाला याच डॉक्टरीणबाईंना आमचं मंडळ भाषणाला बोलावतं. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी तपासून घ्या, असं त्या दर वर्षी जीव तोडून सांगतात. बायका टाळ्या वाजवतात, बटाटेवडे खातात आणि प्रश्न विचारा म्हटलं की केस गळण्यावर विचारतात. शिकलेल्या बायका आहेत हो सगळ्या!

खरोखर काही दुखू लागलं की यांची एक ठरलेली युक्ती असते. सून किंवा लेक बरोबर न्यायची. वाटेत कुणी भेटलं तर 'हिला दाखवायला' म्हणायचं. हिचं आटपलं की दारातून मागे वळायचं आणि 'जाता जाता माझंही जरा' म्हणून सुरुवात करायची. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटला हाक मारत असतात आणि ही बाई उभ्या उभ्या दहा वर्षांचं दुखणं पदराआडून सांगत असते. याला आमच्याकडे मर्यादा म्हणतात. मी मूर्खपणा म्हणते, म्हणून मला हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्यात शेवटी येतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मात्र या युक्तीचा कळस गाठला.

त्या पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत राहतात. घरी मोठे दीर, मुलगा, नवीन सून आणि म्हशी. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी सासू-सून दवाखाना करून माझ्याकडे चहाला आल्या. जाऊबाई अगदी खुशीत होत्या. गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरीण बोलली, काय घाबरायचं नाय. सगळं बरं हाय."

सून माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि कपबशा मांडता मांडता कुजबुजली, "काकू, मला काहीच होत नाहीये."

"मग दाखवायला कशाला गेलीस?"

"रक्त आईंना जातंय. पण आत गेल्यावर त्यांनी सांगितलं, हिला मधेमधे जातं. मी काय बोलणार? मग माझीच तपासणी झाली. माझीच सोनोग्राफी झाली. माझं सगळं चांगलं आहे."

"आणि त्या गोळ्या?"

"आई घेणार आहेत."

मी चहाची गाळणी खाली ठेवली. आयुष्यात नाटकं पुष्कळ पाहिली, पण सासूचा आजार, सुनेची तपासणी आणि पुन्हा सासूलाच औषध, असा प्रयोग मी पाहिला नव्हता. बाहेर येऊन मी सरळ विचारलं, "ताई, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"हळू बोल गो! बाहेर माणसं हायत."

"बाहेर मांजर आहे. किती वर्षं?"

"असतील पाच-सहा."

"आणि आता काय होतंय?"

"डाग लागतात जरासे. उष्णता असेल. बोलली ना ती, सगळं बरं हाय म्हणून."

"ते तुमच्या सुनेच्या पोटाबद्दल!"

"एकाच घरातली पोटं हायत," जाऊबाई म्हणाल्या आणि शांतपणे चहा बशीत ओतला.

त्या दिवशी मी दोघींना सोडलं नाही. मोठ्या दिरांना फोन करून सांगितलं, की उद्या ताईंना डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे.

"तिला? या वयात?" दीर म्हणाले. "आता काय पोरं काढायचीत काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

हे तेच गृहस्थ, जे चहाच्या टपरीवर चार माणसांत म्हैस माजावर आल्याचं ठणकावून सांगतात. मागे म्हैस व्याल्यावर रक्त थांबेना, तेव्हा गुरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून आणणारे आणि तपासणी होईपर्यंत तिचं शेपूट धरून उभे राहणारेही हेच.

"भाऊजी," मी म्हटलं, "म्हशीसाठी तुम्ही शेपूट धरलंत. बायकोसाठी निदान जीभ धरा."

त्यांनी फोन ठेवला. अजून ते माझ्याशी तुटकच बोलतात, आणि त्यामुळे माझे सणवार फार सुखात जातात.

दुसऱ्या दिवशी सुनेला मी मुद्दाम बाजारात पिटाळलं. जाऊबाई दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय मावशी, सुनेला परत त्रास?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. शेवटी त्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "सुनेला नाय. मलाच हाय ते."

आता डॉक्टरीणबाई कडाडणार, म्हणून मी पुढे सरकून बसले होते. त्या चिडल्याच नाहीत. "मावशी," त्या म्हणाल्या, "पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि मग एक डाग जरी दिसला, तरी लगेच यायचं. ती उष्णता नसते. गोळ्या घेतल्या का?"

"काल एक घेतली."

"आता दुसरी घेऊ नका."

तपासलं, सोनोग्राफी झाली, पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत जाऊबाई माझ्याकडेच राहिल्या. त्या दिवसांत त्यांनी माझ्या घरातला सगळा लसूण सोलून टाकला. एकदा सोलता सोलता म्हणाल्या, "कॅन्सर निघाला तर ह्यांना आधी नको सांगूस गो. जेवायचे नायत." मला एरवी दिरांवर बोलायला विषय लागत नाही. त्या दिवशी मी परातीतल्या साली गोळा करत बसले.

पेशी बिघडायला लागल्या होत्या. पण अजून कॅन्सर नव्हता. पिशवी काढली की सुटका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी काही महिने सुनेची तब्येत सुधारत बसलो असतो तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. जाऊबाई वाडीत परत गेल्या, तोवर दिरांनी घरोघर अपेंडिक्स म्हणून सांगून ठेवलं होतं. मी सोबतीला होतेच. असला तमाशा मी सोडते होय? बायका बिस्किटांचे पुडे घेऊन बघायला आल्या. एकीने विचारलं, "या वयात अपेंडिक्स होतं काय गो?"

"अपेंडिक्स कसला?" जाऊबाई उशीला टेकून म्हणाल्या. "पिशवी काढली. पाळी जाऊन वर्षं झाली तरी रक्त जात होतं."

ओटीवर बसलेले दीर उठले आणि गोठ्यात गेले. बायकांनी भराभर वाल यंदा कसे आलेत यावर बोलायला घेतलं. भित्र्या कुठल्या! वालांचं जेमतेम संपतंय तोवर एकेक जण, घरी काम आहे म्हणत, उठली.

शेजारची म्हातारी तेवढी राहिली. दाराकडे बघून ती पलंगाजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तपासतात तेव्हा फार दुखतं काय गो?"

"दुखतं जरा," जाऊबाई म्हणाल्या. "सकाळच्या यष्टीने गेलीस तर दुपारी भाताला घरी."