खुर्चीची करकर

जर्मनीत, नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात मी ज्याच्या गाडीतून कामावर जातो, त्याची नोकरी म्हणजे नव्या गाड्यांमधली बारीकसारीक करकर शोधून घालवणं. स्वतःच्या गाडीत मात्र कायम एकाच अमेरिकन गायिकेचे अल्बम. मला सगळी गाणी सारखीच वाटतात. पहिला अल्बम तिने घरीच रेकॉर्ड केलेला, त्यात गाताना तिची खुर्ची करकरते. "आल्झो," म्हणजे 'तर मग', "आता ऐक," म्हणत तो तेवढ्यापुरता आवाज वाढवतो, आणि धुक्यात गाडीही हळू होते.

यंदा त्या अल्बमची स्वच्छ केलेली आवृत्ती निघाली. रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही ती ऐकली. करकर गेली होती. त्याने गाणं पुन्हा लावलं, डोळे मिटले, आणि ती जागा येताच तो आपल्या लाकडी खुर्चीत अलगद मागे रेलला. खुर्ची करकरली.

मी चहाचा कप खाली ठेवला नाही. आवाज झाला असता.