सेलीनच्या विहिरीवरचं घड्याळ

सकाळी साडेसातला मी कोपरहून टॅक्सीने निघाले. नील, मीरा, आजी एवढ्या लवकर निघाली म्हणजे लांबच्या गावाला गेली असेल, असं तुम्हाला वाटेल. मला जायचं होतं फक्त ठाण्याला, सेलीनकडे. तिची नात रोझलिन हिचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि सेलीन प्रयोगशाळा सांभाळायची. तिने धुतलेली काचेची नळी उजेडात धरली तर नळी आहे की नाही असा प्रश्न पडे.

शीळफाट्याला पाऊण तास एका जागी थांबलो. पुढे मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालताना एका अंगाला कातळ आणि दुसरीकडे खाली खाडीचं पाणी चकाकत होतं. वागळे इस्टेट मागे टाकून टॅक्सी टेकडीच्या पायथ्याच्या गावठाणात शिरली, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

"आयलीस गो सुमन! रस्त्यान मुक्काम केलास का?" सेलीन दारातूनच ओरडली. तिने हातात गरम फुगे (ताडीने पीठ फुगवून तळलेले गोल पाव) ठेवले. मी चार खाल्ले. डॉक्टरांना कळवू नका.

खाऊन झाल्यावर ती मला परसात घेऊन गेली. सेलीनच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणतात आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. ती स्वतः याच विहिरीच्या पाण्याने न्हायली होती. पुढे शेजारी कापड रंगवण्याची एक शेड आली. ती केव्हाच बंद पडली, पण तिचं विष जमिनीत मुरलं आणि विहिरीला वास येऊ लागला.

"लेकीला नळाच्या पाण्यान न्हाऊ घातली," सेलीन म्हणाली. "नातीला तरी आपलं पाणी मिळूं दे."

विहीर आणि शेडच्या मध्ये जमिनीत चार पाइप पुरले होते. शेजारी कल्याणची सुजाता उकिडवी बसली होती. ही संशोधक मुलगी दीड वर्ष इथे येते आहे. प्रत्येक पाइपात काळं कापड गुंडाळलेली ग्राफाइटची कांडी आहे, आणि तिची तार वर हवेतल्या दुसऱ्या कांडीला जोडलेली आहे.

"आपण खातो, ते जाळायला श्वास घेतो ना, आजी?" तिने मला समजावलं. "खाली चिखलात हवाच नाही. तिथले जंतू ते विष खातात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ह्या कांडीला देऊन टाकतात. कांडी म्हणजे त्यांचं नाक समजा. ते इलेक्ट्रॉन तारेतून वर येतात, तीच वीज."

"दिवा लागेल?"

"मोबाइलपण चार्ज नाही होणार! आम्हाला पाणी पाहिजे, वीज नकोय. ते घड्याळ नुसतं निशाणी म्हणून ह्या विजेवर लावलेलं. चालतंय म्हणजे खाली काम चालू आहे."

विहिरीच्या कठड्यावर बिनसेलचं, आकडे दाखवणारं एक छोटं घड्याळ होतं. त्याचा पडदा कोरा होता. "शनिवारी आलेले तेव्हा मस्त चालू होतं," सुजाता पुटपुटली.

तिने पहिली कांडी वर ओढली. तिच्यावरचं कापड नव्या कोऱ्या ब्लाउजपीससारखं स्वच्छ होतं. माझी नजर कुंपणाकडे गेली. तिथे काथ्याची एक घासणी वाळत होती, काळीकुट्ट.

"सेलीन?"

"पाव्हणे येणार, न् ही अशी बुळबुळीत! दोन घासल्या काल. मंग हात दुखाला लागले."

सुजाता मातीतच बसली. "आजी, ती घाण नव्हती. ते माझे कामगार होते. सगळे."

सेलीनचा चेहरा उतरला. मग सुजाताने तिसरी, न घासलेली कांडी काढली. तिच्यावर तपकिरी, चिकट साय होती. मीटर लावल्यावर आकडे हलले, चढले, स्थिरावले. त्या बोटभर चिखलात डोळ्यांना न दिसणारं कुणीतरी आम्ही टाकलेलं विष खात होतं आणि वर वीज पाठवत होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मला असं क्वचितच झालं आहे.

"ही साय त्या दोघींवर लावली तर?" मी विचारलं. "विरजण लावतो तशी?"

"लागेल. पण वेळ घेईल."

"अगो, म्हंजे ताडीच की!" सेलीन उठली. "आधी सांगाचं ना!" जन्मभर स्वच्छता केलेल्या त्या हातांनी तिने साय हळूच उचलली आणि घासलेल्या कांड्यांना चोळली.

दुपारी सुजाताच्या फोनवर पाण्याचा अहवाल आला. पूर्वीपेक्षा विष पुष्कळ कमी होतं. पण अंगावर घेण्याजोगं पाणी अजून झालं नव्हतं.

"मी घासल्या म्हणून?" सेलीनने विचारलं.

"नाही आजी, नमुना आधीचा आहे. त्यांना अजून वेळ पाहिजे."

संध्याकाळी बँड लागला. सेलीन घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे विहिरीवर गेली. कठड्याला हार घातला आणि पाइपांपाशी वाकून म्हणाली, "यांना गुळाचा खडा देऊं?"

"नको, नको!" सुजाता म्हणाली. "गोड मिळालं तर विष कोण खाईल?"

बायका हसल्या. सेलीनने विहिरीला हात जोडले, पण पोहरा सोडला नाही. रिकामी घागर तिने कठड्यावर ठेवली, तोंड वर करून. रोझलिनची आंघोळ नळाच्या पाण्याने होणार होती. "धाकटीच्या टायमाला भरूं," सेलीन म्हणाली. धाकटी नात आठ वर्षांची आहे, मीरा, तुझ्याच वयाची. ती घागरीत डोकावून बघत होती.

रात्री घरी पोचल्यावर मी नेहमीसारखी मोरीची जाळी घासायला घेतली. तिच्यावरही बुळबुळीत थर होता. तो धुतलाच मी, पण आयुष्यात पहिल्यांदा जरा बिचकत.

तीन आठवड्यांनी सेलीनने फोटो पाठवला. कठड्यावर हार सुकून गेला होता. घागर तिथेच होती, तोंड वर. शेजारी घड्याळावर आकडे उमटले होते. फोटोच्या वेळेपेक्षा ते सात मिनिटं मागे होतं. मी तिला ते कळवलं नाही.