सरकीचं ‘येते’

“हात नका लावू, ताई! बघा, बोला, हसा, काय वाट्टेल ते करा. हात तेवढा नका लावू.”

“अहो, गालच तर धरत होते. किती गोड पोर आहे!”

“गोड आहे म्हणूनच सांगतो. बोट लागलं की मुंग्या डसल्यासारखी ओरडेल. मग तुम्हीच गावभर सांगाल, गादीवाल्याने पोरीला बदडलं म्हणून.”

बाईंनी हात मागे घेतला. जुनी गादी पिंजून भरायला आणली होती, ती त्यांनी दारातच टेकवली. पोरगी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. शटरच्या पन्हळींवरून तळहात वर-खाली फिरवत होती आणि डोळे रस्त्याच्या टोकाला लागलेले होते.

“बोलत नाही का?”

“बोलते की. मनात आलं की बोलते. मनात यायलाच जरा वेळ लागतो.”

“आणि आई?”

“माहेरी. सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालंय. हिची आई तिथे उशाला, आणि ही माझ्या उशाला.”

“अगं बाई! सांभाळा हो. बरं, येते मी.”

बाई पायरी उतरल्या मात्र, पोरीने अशी किंकाळी फोडली की समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबली. कपाळ शटरवर आपटायला लागली ती.

“अहो, मी कुठे हात लावला!” बाई रस्त्यातून ओरडल्या.

गादीवाला दाभण टाकून धावला. उकिडवा बसला. “नाही, नाही, सरके, रडायचं नाही. आई येते. येते हं आई. आत्ता येते.” जसजसा तो समजावत गेला तसतशी ती जास्त आपटायला लागली. शेवटी त्याने घडीची गादी ओढली, पोरीला खाली घेतलं, वरून गादी टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. आत हुंदके आले, मग नुसता श्वास, मग शांत.

“दाबतोस काय रे पोरीला, मेल्या!” समोरून कुलूपवाल्या काकूंनी हाक दिली. त्यांना कारण माहीत होतं. तरी हाक द्यायचीच, हा त्यांचा नेम.

ह्या गादीवाल्याला सगळी पेठ ‘म्हातारा’ म्हणते. वय असेल पस्तिशीच्या आसपास, पण केसांवर, भुवयांवर, मिशांवर कापूस बसलेला, आणि सावरीची म्हातारी उडावी तसा तो दुकानभर उडत असतो. पिंजायच्या मशीनशेजारी जन्म गेला म्हणून आवाज मोठा. कानात सांगितलं तरी चौकात ऐकू जायचं. पोरीचं ठेवलेलं नाव काही वेगळंच आहे, पण लहानपणी ती कापसाच्या ढिगात शिरून बसायची, बाहेर नुसता टणक काळा डोळा दिसायचा. म्हणून सरकी.

ती हाकेला वळून बघत नाही, म्हणून आधी कान तपासले. कान आपल्यापेक्षा तिखट निघाले. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निवांत बसून पाहिलं आणि सांगितलं, ऑटिझम आहे, स्वमग्न मूल म्हणतात. म्हाताऱ्याला शब्द पटला नाही. “स्वतःत बुडालेली म्हणता, पण हिला तर बाहेरचंच सोसत नाही.” डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. आता तेच धरून चाला. ती रडली की आधी तिच्या जागेवर जाऊन बसा. तिथून काय ऐकू येतं, काय दिसतं ते बघा.”

तेव्हापासून तो बसायचा. पोरगी जमिनीवर, तर हाही जमिनीवर. हळूहळू काही काही उमजलं. ट्यूबलाइट गुणगुणते, ती तिला ऐकू येते. फ्रॉकच्या मानेचं लेबल तिला काचेसारखं कापतं. तिला हळुवार कुरवाळलं की ओरबाडल्यासारखं होतं, आणि गच्च दाबलं की बरं वाटतं. मशीनची घरघर तिला चालते, कारण ती एकसारखी असते. बंद मशीन एकदम सुरू झालं की मात्र जीव जातो. म्हातारा गिऱ्हाइकांना आपल्या धंद्यातलं समजावून सांगायचा. “गादीत एक गाठ राहिली तर तुम्ही कूस बदलून झोपता. हिच्या गादीत गाठीच गाठी आहेत, आणि हिला कूस बदलता येत नाही.”

एवढं उमजलेला माणूस, पण बायको माहेरी गेल्यापासून त्याचं काहीच चालेना. पोरगी सकाळी दारात उभी राहायची ती राहायचीच. घास पुढे केला की तोंड फिरवायची. दूध तेवढं घोटभर. आणि समजूत घातली की उलटं व्हायचं. रोज फोनवर आई म्हणायची, “येते हं राजा, लवकर येते,” आणि पोरगी स्वतःचं मनगट चावायची. मनगटावर वळ उठले होते. मग म्हाताऱ्याने फोन देणंच बंद केलं. बायकोला वाटलं, पोरगी आपल्यावर रुसली. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्यातच काही खोट आहे, आई काय ती पोटातून समजते आणि बाप नुसता वरून दाबतो. त्याला अन्न जाईना. पोरगी वाळत चालली होती, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि जो तो त्यालाच सांगत होता.

ती सकाळ वसतिगृहाच्या गाद्यांची होती. ढीग छताला लागलेला, मशीन चालू. म्हातारा मांडी घालून खोळीला टाके घालत होता. इतक्यात मागून, अगदी स्पष्ट, घंटीसारखा आवाज आला.

“येते.”

म्हाताऱ्याच्या हातातला दोरा थांबला. किती दिवसांनी पोरगी बोलली होती! त्याचं काळीज सुपाएवढं झालं. वळून बघितलं तर ती बिचकेल, म्हणून मान खाली ठेवूनच तो म्हणाला, “ये, ये. ये की माझ्या बाई.” आणि मांडीवरची खोळ बाजूला सारून त्याने जागा केली.

मांडी रिकामीच राहिली.

टाका पुरा करून त्याने मान वळवली. दारात कोणी नव्हतं.

आधी तो ढिगावरच तुटून पडला. दोन गाद्यांच्या मध्ये शिरायची तिची सवय, आणि वर एवढं ओझं. एकेक गादी ओढून त्याने रस्त्यापर्यंत फेकली. तळाची फरशी लागली. पोरगी नव्हती.

“काकू! सरकी दिसली?”

काकू किल्ली घासत होत्या, डोळे चाकावर. “आत्ता तर दारात होती रे.”

“आत्ता म्हणजे कधी?”

“आत्ता म्हणजे… अगं आई गं.” काकूंनी किल्ली टाकली. “तू पळ. तुझं मशीन मी बंद करते.”

पळायचं तरी कुठे? दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर हाका मारत गेला असता. सरकीला हाक मारणं म्हणजे भिंतीला हाक मारणं. आणि त्याचा मोठा आवाज घुमला तर ती घाबरून पळत सुटायची, ती वाहनांतच. तोंडातली हाक त्याने दातांनी अडवली. वरच्या अंगाला गटाराची झाकणं उघडी होती, खालच्या अंगाला हमरस्ता. कापसाने पांढरा झालेला एवढा मोठा बाप्या भररस्त्यात गोल फिरत होता, आणि पोरंटोरं हसत होती.

मग त्याला तिची जागा आठवली. शटरजवळ, जिथे ती उभी असायची, तिथे तो उकिडवा बसला.

शेजारचं बंद दुकान किती तरी महिने धूळ खात होतं. त्या शटरच्या धुळीत, बरोबर त्याच्या आताच्या डोळ्यांच्या उंचीला, एक पट्टा पुसला गेला होता. तळहाताच्या रुंदीचा. पुढे भिंतीवर तोच पट्टा, अंधुक. पोरगी मोकळ्या जागेतून चालतच नाही. भिंतीला हात लावून चालते, जशी आपण अंधारात चालतो.

त्याने हात टेकवला आणि वाकून चालायला लागला. पत्रा, विटा, गुळगुळीत रंग, लोखंडी गज. गजांवरून हात जाताना टण-टण वाजलं, तेव्हा त्याला वाटलं, इथे ती थांबली असणार. पुन्हा मागे जाऊन वाजवलं असणार. तसा तिथे पट्टा दुहेरी पुसला होता. भिंत संपली, पट्टा संपला. पुढे हमरस्ता. ट्रक, रिक्षा, मोटरसायकली. रस्त्यावर गर्दी जमली आहे का, एवढंच त्याने आधी पाहिलं. नव्हती.

तो पुन्हा खाली बसला. तिच्या उंचीवरून पलीकडे एकच गोष्ट दिसत होती, बसथांब्याचा पिवळा पत्रा. त्याच थांब्यावर आईची बस लागली होती. खिडकीतून हात हलवत ती म्हणाली होती, “येते हं, सरके.”

रस्ता पोरीने कसा ओलांडला ते तिचं तिला ठाऊक. बाकड्याखाली, कोपऱ्यात, पत्र्याला पाठ घट्ट लावून, कानांवर हात ठेवून ती बसली होती. म्हातारा समोर जमिनीवर कोसळलाच. तिला ओढून कवटाळावंसं वाटलं, पण हात आवरले. आवाज खाली आणला.

“चल, सरके. घरी चल. आई येते.”

किंकाळी. डोकं मागे पत्र्यावर, धाडकन. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी विचारलं, “कोण हो तुम्ही? तुमचीच आहे का?”

तेवढ्यात धापा टाकत काकू आल्या. “त्याचीच पोर आहे ती, सरका सगळे! काय बघताय?” मग कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. “सापडली ना? जीव भांड्यात पडला रे बाबा. दोन्ही दुकानं उघडी टाकून आलेय. येते मी.”

काकू वळल्या. किंकाळी थांबली होती. सरकीने कानावरचा एक हात काढला, काकूंच्या पाठीकडे बघत हवेत हलवला.

“येते,” ती म्हणाली.

थांब्यावरची बस हलली. सरकी बसच्या मागच्या दिव्यांकडे बघत होती. “येते.”

म्हातारा तसाच बसून राहिला. गिऱ्हाईकबाई ‘येते’ म्हणून गेल्या. काकू ‘येते’ म्हणून गेल्या. आई ‘येते’ म्हणून गेली, ती गेलीच. आणि मघाशी पोरगी स्वतः ‘येते’ म्हणाली आणि गेली, तेव्हा बाप मांडी पसरून ‘ये, ये’ करत बसला. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, अशुभ असतं, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं. तिला ते पाजायचं राहून गेलं. तिने जसं पाहिलं तसं धरलं. म्हणजे इतके दिवस, मनगट चावणाऱ्या पोरीला कुरवाळणाऱ्या आवाजात तो सांगत होता, आई जाते. जाते हं आई. आत्ता जाते.

“च्यायला,” म्हातारा म्हणाला.

मग जपून शब्द शोधले, एकेक. “आई घरी. आई सरकीजवळ. आज नाही. नंतर.”

ती ऐकत होती की पत्र्याचा आवाज ऐकत होती, कळलं नाही. पण त्याने मनगट पुढे केलं तेव्हा तिने ते घट्ट धरलं, आणि दोघं निघाली, ती भिंतीच्या बाजूने.

दुपारी बायकोचा फोन आला. त्याने सगळं सांगितलं. रस्ता ओलांडल्याचं तेवढं गाळलं.

“म्हणजे मी रोज तिला…” ती पलीकडून म्हणाली. मग, “आता काय म्हणायचं मी?”

“येते म्हणायचं नाही. निघताना जाते म्हणायचं. खरं ते.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आई इथे अशी पडलीय, आणि मी तिच्या खाटेजवळ उभी राहून जाते म्हणू?”

“बाहेर जाऊन म्हण.”

“तुम्ही म्हणता का? सांगा बरं. आहे हिंमत?”

म्हाताऱ्याने फोन पोरीच्या कानाला लावला. आई हळू हळू बोलली, “आई घरी. आई सरकीजवळ झोपणार.” सरकीने मनगट तोंडाकडे नेलं. तिने मनगट हुंगलं आणि खाली ठेवलं. मग फोन चाटून पाहिला आणि त्याच्या मांडीत टाकून दिला.

वसतिगृहाचा माणूस संध्याकाळी यायचा होता, गाद्या रस्त्यावरून उचलून झटकायच्या होत्या, मागचा कापूस पिंजायचा होता. मशीनकडे जायचं म्हणजे पोरीच्या नजरेआड व्हायचं. म्हातारा उठला आणि तिच्यासमोर उभा राहिला. सासूबाई डोळ्यांपुढे आल्या, स्वतःच्या बापाचं शेवटचं निघणं डोळ्यांपुढे आलं. समोर काकू किल्ली घासायची थांबून बघत होत्या.

“जातो,” तो म्हणाला. “आत. पिंजायला. मशीन वाजणार.”

“शुभ बोल रे, नाऱ्या!” काकू ओरडल्या.

सरकीने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग स्वतःच दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि मशीन सुरू व्हायच्या आधीच गाद्यांच्या फटीत शिरली.

कळलं, की नुसतीच दमली होती, कोणास ठाऊक. म्हाताऱ्याने दारात एक बाकडं आडवं टाकलं, फटीतून दिसणारे दोन पाय पुन्हा एकदा पाहून घेतले, आणि बटण दाबलं. कापूस उडायला लागला. मूठ मूठ टाकत तो दर मुठीला मान वळवत होता.